आउटडोअर

एकोणीस उन्हाळे मुहर्रकच्या गच्च्यांवर काढले.
पान्हा सावलीत ठेवायचा, हा पहिला धडा.
दुसरा उस्मानभाई धामसकरांचा,
खेडचे, तोंडात कायम लवंग:
"पोरा, थंडी कुणी बनवत नाही.
आपण खोलीतली आग उचलतो
नि भिंतीपलीकडे टाकतो."

म्हणजे केरच.
आपलं अंगण झाडायचं
आणि सुपली शेजारच्या दारात उपडी करायची.

बू रशीदच्या इमारतीला बावीस एसी,
बाविसांची पाठ मागच्या बोळाकडे.
बोळात इदरीसचं इस्त्रीचं दुकान.
सिल्हेटचा माणूस, बेताच्या उंचीचा,
दिवसाला दीडशे पांढरे झगे कडक करतो
आणि बावीस खोल्यांचा घाम
एकटा गाळतो.

गेज माझ्या हातात असतं.
मी नवा होतो तेव्हा काटा जुलैत जिथे पोचायचा
तिथे आता मे महिन्यातच येऊन बसतो,
आगाऊ पाहुण्यासारखा.
रात्री दोनला कठडा धरला तरी हात मागे येतो.
समुद्र पेजेसारखा, कोमट, जाड.
धक्क्याच्या ज्या पायरीवर बसून आम्ही डबा खायचो
ती भरतीला आता दिसत नाही.

मोठे आकडे मला कळत नाहीत.
एवढं दिसतं:
हवा तापली की यंत्रं जास्त ओढतात,
यंत्रांनी ओढलं की तिकडे हिदला गॅस जळतो,
गॅस जळला की हवा तापते.
कुत्रं आपल्याच शेपटीमागे,
आणि महिनाअखेरीला कुत्र्याचं बिल.

शेजारी मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं जुनं घर,
वर वारा धरणारा मनोरा, चार तोंडांचा.
समुद्रावरची झुळूक पकडायची
आणि खाली चटईवर सोडायची, वायर ना बटण.
आता तिथे म्युझियम आहे.
आत एसी, अठरावर.

परवा बू रशीद म्हणाला, तिसरा मजला गार होत नाही,
मोठा बसव, तीन टनाचा.
तीन टनावर माझं कमिशन चाळीस दिनार.
मुलीची फी डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला बोलू.
मी काडेपेटी काढली.
दाराच्या फटीशी काडी धरली.
ज्योत आडवी झाली, बाहेर पळाली, विझली.
फुटक्या घागरीला मोठा नळ लावून काय होणार?
अरबीत हे नीट जमेना.
म्हटलं, "जर्रा मकसूर, माय वाजिद, फायदा माफी."
तो हसला.
घागरीला की माझ्या अरबीला, कळलं नाही.

मग रबराच्या पट्ट्या. खिडक्यांना बाहेरून चिका.
गच्चीला चुना, दोन हात.
जाळ्या धुतल्या तर तीन वर्षांचं वाळवंट निघालं.
अठराचे चोवीस करायला मात्र
चौथ्या मजल्यावरच्या बाईंशी आठवडाभर भांडलो.
आणि वर सोळा सोलर पाट्या.
ज्या उन्हाशी एकोणीस वर्षं मारामारी केली
त्यालाच कामाला लावलं.
धूळ बसते. पहाटे मी त्या पुसतो,
शाळेतल्या पाटीसारख्या, ओल्या फडक्यानं.
थुंकी लावायचा मोह होतो.

काल दुपारी तीनला इदरीस बाहेर आला,
इस्त्री हातात तशीच.
वर बघत राहिला.
"भाई, मशीन बिघडलं काय? आवाज कमी आहे."
बावीसपैकी नऊ गप्प होती,
दम खात.
"बिघडलं नाही," मी म्हटलं. "पोट भरलंय."

बोळ तसा तापलेलाच.
समोरच्या इमारतीच्या एकतीस पाठी
इदरीसच्याच तोंडावर घुमताहेत.
एका गच्चीनं काय होतं, असं उस्मानभाई असते तर म्हणाले असते
आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली असती.

काडेपेटी खिशातच आहे.
समोरच्या इमारतीचा मालक कोण,
तेवढं विचारून ठेवलंय.